खरा नट कोणता?

वसंत ऋतूत आमच्या भंडाऱ्यात दोन गोष्टी एकाच सुमारास पिकतात. एक व्याख्याने आणि दुसरी चाराची फळे. व्याख्याने कशी पिकली याचा निवाडा श्रोत्यांनी करावा. वक्त्याने त्यात पडू नये हे बरे. चाराच्या फळांविषयी मात्र बोलण्यास आम्हांला कोणाची हरकत नसावी. चैत्र-वैशाखात रानाकडच्या गावांतून बाया टोपल्या घेऊन बाजारात येतात आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात ही काळीभोर, बोराहून लहान फळे भरून देतात. मुले ती चोखतात, आंबटगोड गर गिळतात आणि बी रस्त्यावर थुंकून मोकळी होतात. त्याच बीचे कवच फोडले म्हणजे आत मसुरीसारखा जो चपटा दाणा सापडतो, तो आपली चारोळी. मुलाने जे थुंकून टाकले, तेच आई वाण्याच्या दुकानातून तोळ्यामाशाने मोजल्यासारखे जपून आणते आणि श्रीखंडावर पेरते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते दोन भावांच्या एका वादामुळे. एका व्याख्यानानंतर दोघे आमच्यापाशी आले. थोरल्याचे म्हणणे असे, की शेंगदाणा हा काजू-बदामाच्याच पंक्तीतला. डब्यांवर तसे छापलेलेही असते. धाकट्याचे म्हणणे, की मुलाच्या शाळेच्या पुस्तकात शेंगदाणा हा ‘नट’ नव्हे, शेंग आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. “आता खरे काय ते तुम्हीच सांगा,” असे म्हणून दोघेही आमच्या तोंडाकडे पाहू लागले. आम्ही क्षणभर घोटाळलो. आमच्या झाडीपट्टीत नट म्हटला की तो रात्रभर रंगमंच गाजवणारा! परंतु विचार करता वाटले, की हा शब्दाचा योग अगदीच वाया गेलेला नाही. सुक्या मेव्याच्या बरणीत जी मंडळी नट म्हणून मिरवतात, त्यांतील बहुतेकांनी दुसऱ्याचेच सोंग घेतलेले आहे. तेव्हा खरा नट कोणता, हे आज पाहू.

प्रथम शब्दाचाच विचार करू. इंग्रजी भाषेत ‘नट’ हा शब्द मोठा सैलपणे वापरतात. नारळाच्या नावात तो आहे, सुपारीच्या नावात आहे, शेंगदाण्याच्या नावात आहे, जायफळाच्या नावात आहे आणि आपल्या रिठ्याच्याही नावात आहे. मराठीला असा एक सरसकट शब्द नाही, आणि आमच्या मते हे मराठीचे दारिद्र्य नसून तिची चोखंदळ नजर आहे. आपण शेंगेतून काढतो तो दाणा. कवच फोडून काढतो तो गर. भाजण्यास किंवा पेरण्यास ठेवतो ते बी. आंब्याच्या पोटातील ती कोय. फणसाच्या पोटातील ती आठळी. आणि बिब्याच्या पोटातील ती गोडंबी. या सर्वांना एकत्र करावयाचेच झाले, तर आपण ‘सुका मेवा’ म्हणतो. पण त्यात खारीक आणि बेदाणाही येऊन बसतात, ज्यांचा कवचाशी काहीच संबंध नाही. शास्त्रीय परिभाषा ठरविणाऱ्यांनी मात्र वनस्पतिशास्त्रातील काटेकोर अर्थाच्या नटाला ‘कपाली’ असे नाव दिले आहे. आम्ही पुढे तोच शब्द वापरणार आहोत.

आता कपाली कशाला म्हणावयाचे? वनस्पतिशास्त्रज्ञ चव पाहत नाही, भाव विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो : हे फुलापासून कसे झाले? फुलाच्या मध्यभागी एक लहानशी कुपी असते, तिला किंजपुट म्हणतात. ही कुपी वाढून फळ होते, आणि कुपीच्या आत जे असते त्याचे बी होते. म्हणजे फळ हे घर आणि बी हा त्यातील राहणारा. घराच्या भिंती कशा झाल्या, यावरून फळाची जात ठरते. आंब्याचे उदाहरण घ्या. आंब्याच्या भिंतीचे तीन थर असतात : बाहेरची साल, मधला रसाळ गर आणि आतला लाकडासारखा कठीण थर. हा कठीण थर म्हणजेच कोयीचे कवच. खरे बी त्या कवचाच्या आत. अशा रचनेच्या फळाला आपण आठळीफळ म्हणू. कपालीत असे तीन थर नसतात. तिची सगळी भिंतच वाळून कठीण होते, आत साधारणपणे एकच बी राहते, आणि फळ पिकल्यावरही ती भिंत आपण होऊन उकलत नाही. हेझेल, चेस्टनट आणि ओक या थंड प्रदेशांतील वृक्षांची फळे ही या जातीची नमुनेदार उदाहरणे होत. आपल्या वैनगंगेच्या काठी यांपैकी एकही वृक्ष रानात उगवत नाही.

ही व्याख्या हाती घेऊन आता वाण्याच्या बरण्या एकेक उघडू. बदाम हा गुलाबाच्या कुळातील, पीच या फळाचा सख्खा भाऊबंद. झाडावर त्याच्याभोवती हिरवट, चिवट गराचे आवरण असते. ते वाळून फाटते आणि आतील आठळी आपल्यापर्यंत येते. ती फोडून आपण बी खातो. म्हणजे बदाम हे आठळीफळाचे बी झाले. पिस्त्याचीही तीच कथा. अक्रोडाला पुष्कळ पंडित याच वर्गात बसवितात, परंतु त्याच्या हिरव्या आवरणात फुलाच्या इतर भागांचाही वाटा असल्यामुळे काहीजण त्याला वेगळा काढतात. नारळ म्हणजे एक अवाढव्य आठळीफळ. त्याच्या मधल्या थरात रस नसून काथ्या असतो, एवढाच फरक. चिलगोजा तर देवदाराच्या नात्यातील. त्या घराण्यात फळच धरत नाही, बी उघड्यावर असते. ज्याला फळच नाही, तो कपाली कुठून होणार?

शेंगदाण्याची हकीकत अधिक रसाळ आहे. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते. फलन झाल्यावर फुलाच्या बुडाशी एक देठ खाली वाढू लागतो. आपले शेतकरी त्यांना ‘आऱ्या’ म्हणतात. आऱ्या जमिनीत शिरल्या म्हणजे त्यांच्या टोकाशी शेंग पोसते. वर फुलावे आणि खाली फळावे, असा हा चमत्कार आहे. आणि म्हणूनच भुईमूग फुलावर असताना जमीन भुसभुशीत ठेवावी लागते. पण फळ कसले? तर शेंग. वाटाणा, तूर, मूग, उडीद यांच्याच घराण्यातली. हे रोप मूळचे दक्षिण अमेरिकेतील. आपल्याकडे आले ते दर्यावर्दी लोकांबरोबर. तरी आपल्या लोकांनी त्याचे नाव ठेवले भुईमूग, म्हणजे भुईतला मूग. ज्याने हे नाव प्रथम ठेवले त्याने वनस्पतिशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते. पण त्याने रोप पाहिले होते, पाने पाहिली होती, मुळांवरच्या गाठी पाहिल्या होत्या. धाकट्या भावाच्या मुलाला पुस्तकात जे शिकावे लागले, ते त्याच्या आजीच्या तोंडी असलेल्या नावातच होते.

काजूपाशी आले म्हणजे पंडितांचीही गंमत होते. काजूचे लाल-पिवळे रसाळ बोंड हे फळ नव्हेच. तो फुगलेला देठ. त्याच्या बुडाशी मूत्रपिंडाच्या आकाराचे जे करड्या रंगाचे लटकलेले असते, ते खरे फळ. याला काही ग्रंथकार कपाली म्हणतात, काही आठळीफळाचा प्रकार म्हणतात. काजू ब्राझीलकडून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणला. पण अगदी तशाच घडणीचे फळ आमच्या रानात त्याच्याही पूर्वीपासून आहे, आणि ते म्हणजे बिबा, संस्कृत भल्लातक. बिब्यालाही नारिंगी, मांसल देठ असतो आणि त्याच्या टोकावर काळे, चकचकीत फळ बसलेले असते. देठ वाळवून खातात. फळाच्या कवचात मात्र असे जहाल तेल असते की ते अंगाला लागले तर फोड उठतात. परीट या तेलाने कपड्यांवर खुणा करीत. त्यावरूनच त्याचे इंग्रजी नाव पडले. त्या कवचाच्या आत सुखाने बसलेली गोडंबी डिंकाच्या लाडवात किती गोड लागते, हे आपणांस सांगावयास नको. परंतु ती गोडंबी कवचातून काढणाऱ्या बायांचे हात त्या तेलाने उततात, काळे पडतात, हेही लाडू खाताना आपण विसरू नये.

आता आमच्या चारोळीकडे वळू. कोका, साकोली, तुमसर या बाजूंच्या रानांत साग, ऐन, मोह आणि तेंदू यांच्या सोबतीने चाराचे झाड उभे असते. संस्कृतात याला प्रियाल म्हणतात. शास्त्रीय नाव ‘बुकॅननिया’ हे फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून दिलेले आहे. त्याच्या फळाला साल आहे, गर आहे आणि आत कठीण कवच आहे. म्हणजे हे आठळीफळ, आंब्याची लहानशी प्रतिकृती म्हणा ना! आणि हे साम्य वरवरचे नाही. आंबा, काजू, बिबा, पिस्ता आणि चारोळी ही सर्व मंडळी एकाच कुळातील, आम्रकुलातील आहेत. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे मोठे काम पडणार आहे.

तात्पर्य, बरण्या संपल्या, आणि निर्विवाद कपाली एकही सापडली नाही. मग आमच्या जिल्ह्यात खरा नट नाहीच काय? आहे, पण तो रानात नसून पाण्यात आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि तलावांची वाटणी झाली, तरी हे नाव दोन्हीकडे टिकले. कोहळी शेतकऱ्यांनी धानाच्या पाण्यासाठी बांधलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ झाले, पण त्यांतले पाणी माजी झाले नाही. त्या पाण्यात धीवर मंडळी मासे धरतात आणि शिंगाडाही लावतात. शिंगाड्याची पाने पाण्यावर चक्राकार पसरतात. पांढरे फूल वर उमलते, मग देठ वाकून पाण्यात शिरतो आणि पाण्याखाली फळ धरते. त्या फळाला दोन शिंगे असतात. त्याची बाहेरची पातळ मऊ साल कुजून जाते आणि उरते ते एकबीजी, न उकलणारे, कठीण कवचाचे फळ. ती मऊ साल मोजावी की नाही, यावर पंडितांत थोडा मतभेद आहे. जे ती मोजत नाहीत ते शिंगाड्याला कपालीच म्हणतात. हिवाळ्यात हातगाडीवर उकडून विकला जाणारा हा काळा, शिंगाळा गडी शास्त्राच्या दरबारात बदाम-पिस्त्यांच्या वर जाऊन बसतो!

त्याच तलावातील कमळाकडेही पाहा. पाकळ्या गळल्यावर झारीच्या तोंडासारखा जो चाळणीदार भाग उरतो, त्याच्या प्रत्येक छिद्रात एकेक कमळबी असते. आपण तिला बी म्हणतो. पण ती बी नव्हे, एकेक लहानसे फळ आहे, आणि पुष्कळ शास्त्रज्ञ त्याला छोटी कपालीच समजतात. कवचाचे काम काय असते, हे या कमळबीने जगाला दाखवून दिले आहे. चीनमधील एका वाळलेल्या सरोवराच्या गाळात सापडलेली सुमारे १३०० वर्षांची कमळबी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखविली. तेराशे वर्षे ज्याने आतील जिवाला सांभाळले, त्या कवचापुढे आमच्या तिजोऱ्या काय होत!

शास्त्राचा निकाल असा लागला. आता स्वयंपाकघरात जाऊ, आणि पाहू की तेथील गृहिणी हा निकाल मान्य करते काय. ती मुळीच करीत नाही, आणि तिचेही बरोबर आहे. कारण तिचा प्रश्न निराळा आहे. हे कसे झाले, असे ती विचारीत नाही. हे पदार्थात घातले म्हणजे काय करते, असे ती विचारते. शेंगदाण्याचे कूट भाजीला दाटपणा आणते. काजूचे वाटण रश्शाला मऊपणा आणते. खसखस, सुके खोबरे आणि चारोळी आमच्या सांबारवडीच्या पोटात बसून तिला श्रीमंत करतात. या सर्वांत समान धागा कोणता? तेल. पोषणशास्त्रज्ञांनी मोजलेल्या आकड्यांप्रमाणे १०० ग्रॅम चारोळीत सुमारे ५९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात, बदामातही जवळजवळ तितकेच, काजूत सुमारे ४७ आणि शेंगदाण्यात सुमारे ४०. वाळलेल्या शिंगाड्यात मात्र १ ग्रॅमही नाही. त्यात मुख्यत्वे पिष्ट आहे. म्हणून शास्त्राने ज्याला सिंहासनावर बसविले, त्या शिंगाड्याची गृहिणी रवानगी करते ती पिठाच्या डब्यात. आणि शास्त्राने ज्याला दाराबाहेर काढले, त्या शेंगदाण्याला ती काजूच्या जागी बेलाशक घालते. थोरल्या भावाचे म्हणणे येथे खरे ठरते.

आणखी एक वर्गीकरण आपल्या घरात चालते, ते एकादशीचे. त्या दिवशीचा प्रश्न तिसराच असतो : हे धान्य आहे काय? शिंगाडा पाण्यातला, म्हणून त्याचे पीठ चालते. तूर-मूग चालत नाहीत. पण त्यांचाच भाऊ शेंगदाणा साबुदाण्याच्या खिचडीत उजळ माथ्याने येतो. जुन्या स्मृतिकारांना अमेरिकेतील हे रोप ठाऊक असणे शक्य नव्हते. तेव्हा हा निकाल त्यांनी दिलेला नसून आपल्या आज्यापणज्यांनी दिलेला आहे. आम्हांला त्याचे हसू येत नाही. ज्या प्रश्नासाठी हे वर्गीकरण केले, त्या प्रश्नापुरते ते पुरेसे आहे.

येथवर सर्व गमतीचे झाले. परंतु एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देऊन चालत नाही, आणि कधी कधी ही चूक जिवावर बेतते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नघरी होतो. पाहुण्यांतील एका सहा वर्षांच्या मुलाला पिस्त्याचे वावडे होते. त्याच्या आईने बर्फी देण्यापूर्वी चौकशी केली. वाढणाऱ्याने खरे तेच सांगितले, “ताई, यात पिस्ता नाही, नुसता काजू आहे.” मुलाने अर्धी वडी खाल्ली असेल नसेल, तोच त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घरघरू लागला. तातडीने दवाखान्यात नेले म्हणून ते वाचले. वाढणारा खोटे बोलला नव्हता. स्वयंपाकघराच्या दृष्टीने काजू आणि पिस्ता हे दोन वेगळे जिन्नस. पण शरीर स्वयंपाकघराचा हिशेब मानीत नाही. ते ओळखते प्रथिने. आणि काजू व पिस्ता हे एकाच आम्रकुलातील जवळचे भाऊ असल्यामुळे त्यांची प्रथिने एकमेकांसारखी असतात. ज्याला एकाचे वावडे, त्याला दुसऱ्याचेही असण्याचा संभव फार.

म्हणून या प्रश्नापुरते फळाची जात पाहण्यापेक्षा झाडाचे कूळ पाहणे अधिक उपयोगी. पिस्त्याचे वावडे असेल, तर काजूपासून जपावे, आणि त्याच कुळातील चारोळी व गोडंबीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. शेंगदाण्याचे वावडे असलेल्याला बदाम सोसतो असेही होते, कारण दोघांची कुळे अगदी दूरची. पण काहींना दोहोंचेही वावडे असते, म्हणून येथेही तर्काने न जाता तपासणीनेच जावे. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर वावड्याच्या पदार्थांची सूचना छापावी लागते, आणि त्या यादीत शेंगदाणा व झाडावरील कवचफळे यांची नावे स्वतंत्रपणे शेजारी शेजारी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली अशाच यादीतून नारळ वगळला. म्हणजे कायदाही हळूहळू प्रश्नाप्रमाणे वर्गीकरण करावयास शिकत आहे. पण लग्नाच्या पंगतीला पाकीट नसते. तेथे आचाऱ्याने आणि यजमानाने पदार्थात काय काय आहे ते नावानिशी सांगितले पाहिजे. ‘थोडा मेवा आहे’ हे उत्तर पुरत नाही. आणि वावडे असो वा नसो, अगदी लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. कूट करून द्यावा.

आता शेवटचा प्रश्न, आणि आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. हे झाडाला काय पडते? आंबा, बोर, जांभूळ यांचा आपण गर खातो आणि बी टाकून देतो. झाडाने हा सौदा मुद्दाम केलेला असतो : गर तुमचा, बी माझे; तेवढे जरा दूर नेऊन टाका. चाराच्या झाडाचाही मूळ सौदा हाच. अस्वल, पाखरे, वानरे फळ खातात, बी रानात पडते आणि नवे रोप उठते. बाजारातल्या द्रोणातील फळे चोखून बी थुंकणारे आमचे पोर नकळत तेच करते, जरी डांबरी रस्त्यावर ते रुजत नाही! पण चारोळी खाणारा माणूस गर धुऊन टाकतो आणि नेमके बी ठेवतो. ज्याचे आपण बी खातो, त्याचा वंश खातो. काजूच्या बाबतीत हे चालते, कारण काजूची लागवड होते. चार बहुतांशी रानातच आपोआप वाढतो. त्याच्या मागे बागाईतदार नाही.

त्यातच घाईची भर पडते. चारोळीला भाव चांगला मिळतो; आपण थांबलो तर दुसरा कोणी तोडून नेईल, या भीतीने मध्य भारतातील रानांत फळे पिकण्यापूर्वीच ओरबाडतात, कधी फांद्याच्या फांद्या छाटतात. कच्च्या फळातील दाणा भरलेला नसतो, म्हणजे गोळा करणाऱ्याचे वजन घटते. आणि छाटलेली फांदी पुढच्या हंगामात फुलत नाही, म्हणजे झाडाचे उत्पन्न घटते. एकाने घाई केली की सर्वांचे नुकसान होते. यावर उपाय नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांवर आदिवासी व इतर परंपरागत वननिवासी यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. २०१३-१४ साली केंद्राने त्यांच्यासाठी किमान आधारभूत किमतीची जी योजना काढली, तिच्या पहिल्या यादीत चारोळीही होती. हक्क गावाचा झाला, तर ‘अमुक तिथीच्या आत कोणी चार तोडू नये, आणि काही झाडे मुळीच तोडू नयेत’ असा नियम ग्रामसभेला करता येतो व पाळताही येतो. शहरातील आपण काय करावे? वाण्याकडे चारोळी घेताना ती भरदार, पूर्ण पोसलेली मागावी. बारीक, सुरकुतलेला दाणा स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानू नये. तो बहुधा घाईने तोडलेल्या फळाचा असतो.

असो. त्या दोन भावांना आम्ही काय उत्तर दिले, ते सांगून हे पुरे करतो. आम्ही म्हटले, “तुम्ही दोघेही बरोबर आहात, फक्त एकमेकांच्या प्रश्नाला उत्तरे देत आहात. थोरल्याने स्वयंपाकघराचे उत्तर दिले, धाकट्याने शाळेचे. पण घरात वावडे असलेले मूल असेल, तर ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवा आणि झाडाचे कूळ विचारा. आणि रानातून आलेली वस्तू असेल, तर तिचे बी कोणाच्या वाट्याला गेले ते विचारा.” थोरला हसला आणि म्हणाला, “म्हणजे खरा नट तो शिंगाडाच?” आम्ही म्हटले, “होय; पण तो बिचारा सोंग आणीत नाही, म्हणून त्याला कोणी ओळखत नाही.” तिघेही हसत बाजारातून घराकडे निघालो. वाटेत चाराच्या टोपल्या होत्या. धाकट्याने मुलासाठी एक द्रोण घेतला आणि बजावून सांगितले, की बिया रस्त्यावर टाकावयाच्या नाहीत, परसात पुरावयाच्या.